श्वान, कूर्म आणि गृहस्थाश्रम

आपल्या पूर्वजांनी कुत्रा आणि कासव या दोन्ही प्राण्यांना देवाच्या दारी मानाची जागा दिली. परंतु ती देताना या दोघांची परस्परांशी गाठ पडू नये म्हणून त्यांनी जी दक्षता बाळगली, तिच्याकडे आमच्या पंडितांचे अद्यापि लक्ष गेलेले दिसत नाही. शंकराच्या देवळात सभामंडपाच्या फरशीवर, नंदी आणि गाभारा यांच्या मध्ये, दगडी कासव कोरलेले असते. पण त्या सभामंडपात कुत्रे शिरले की गुरव हातातले काम टाकून काठी उचलतो. दत्तात्रेयाच्या पायांशी चार कुत्री असतात, मागे गाय असते, वर औदुंबराची सावली असते; कासवाला त्या तसबिरीत प्रवेश नाही. दोघे एकत्र नांदतात ते जेजुरीस. तेथे खंडोबाच्या संगतीस कुत्रे आहे आणि देवळासमोर भले थोरले कासवही आहे, ज्याच्या पाठीवर भाविक तळी भरतात आणि भंडारा उधळतात; मात्र ते कासव पितळी पत्र्याने मढवून काढलेले आहे. तो पत्रा ठोकण्याचा हुकूम ज्या कोणा शहाण्या कारभाऱ्याने सोडला असेल, त्याच्या घरी कुत्रा असला पाहिजे, असे मला ते पितळ पाहिल्यावर वाटल्यावाचून राहत नाही.

हा जुना विवेक अलीकडच्या गृहस्थाश्रमातून लोप पावत चालला आहे. कुत्रा पाळणाऱ्या माणसाला कालांतराने आपण समस्त प्राणिमात्रांचे मित्र आहोत असा भ्रम होतो, आणि त्या भ्रमाच्या भरात तो दुसरा प्राणी घरी आणतो. मांजर आणले तर ते कपाटाच्या माथ्यावर चढून स्वतःचा बंदोबस्त स्वतः करते. पोपट आणला तर त्याला पिंजऱ्याचे संरक्षण असते. परंतु कासव आणले म्हणजे ते कुत्र्याच्या पुढ्यात जमिनीवर ठेवले जाते, कुत्रा त्याला हुंगतो, एकदा शिंकतो आणि कंटाळून निघून जातो, आणि इतक्या पुराव्यावर घरधनी दोघांची मैत्री झाल्याचे जाहीर करून मोकळा होतो. त्या क्षणी घरात एक तहनामा झाला असे तो धरून चालतो. त्या तहनाम्यावर कुत्र्याचा पंजा उमटलेला नसतो, कासवाने तर मान बाहेरही काढलेली नसते. सही, शिक्का आणि साक्ष ही तिन्ही त्या एकट्या गृहस्थाची असतात.

स्वदेशी हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, याचे श्रेय आमच्या शहाणपणापेक्षा कायद्याला अधिक द्यावे लागेल. पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या मिरवणारे जे देखणे कासव लोक धनलाभाच्या आशेने चोरट्या मार्गाने घरी आणतात, ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पाळता येत नाही. आणि २०२२ च्या दुरुस्तीने तर त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला, नेऊन बसवले आहे. असा अपराध शाबीत झाल्यास निदान तीन आणि कमाल सात वर्षांचा तुरुंगवास आहे. तेव्हा ज्या घरात असे कासव आहे, तेथे कुत्र्यापेक्षा फौजदाराची धास्ती मोठी, आणि ती रास्तच आहे.

विलायतेत मात्र कासव हा परसबागेतला रीतसर रहिवासी मानला जातो. भूमध्य समुद्राच्या काठची कासवे एके काळी जहाजे भरभरून इंग्लंडात येत आणि किरकोळ किमतीस विकली जात. त्यांतली पुष्कळशी वाटेत आणि उरलेल्यांतली पुष्कळशी पहिल्याच थंडीत मरत, म्हणून अखेर १९८४ साली युरोपीय आर्थिक समुदायाने त्यांची व्यापारी आयात बंद केली. तत्पूर्वीच्या इंग्रज बालकांची या विषयातली समजूत घडवली ती बी.बी.सी.च्या ‘ब्लू पीटर’ या दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमाने. तेथे पेट्रा नावाची कुत्री आधीपासून होती. १९६३ साली फ्रेड नावाचे कासव रुजू झाले, आणि फ्रेड ही मादी असल्याचे पुढे ध्यानात आल्यावर तिचे नाव फ्रेडा करण्यात आले. एकाच कार्यक्रमात कुत्री आणि कासव पाहत लहानाची मोठी झालेली ती पिढी, हे दोन प्राणी एका छपराखाली सुखाने नांदतात अशा श्रद्धेने संसाराला लागली. दिवे मालवल्यावर त्या दोघींना एकाच खोलीत ठेवीत की निरनिराळ्या, हे काही प्रक्षेपित होत नसे.

माझा थोरला मावसभाऊ अण्णा हा वास्तविक या पिढीतला नव्हे. त्याचे बालपण मंडणगड तालुक्यात, वेळासच्या आसपास गेले, आणि कुत्रा व कासव यांच्या परस्परसंबंधांविषयी जे वेळासच्या माणसाला ठाऊक नाही ते जगात फारसे कोणाला ठाऊक असेल असे मला वाटत नाही. त्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे रात्री वाळूवर येतात, मागच्या पायांनी खड्डा खणतात, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि खड्डा बुजवून, मागे वळूनही न पाहता समुद्रात परत जातात. कासवी नुसत्या दृष्टीने पिलांचे पोषण करते, असे आपले संत सांगत आले. वेळासच्या कुत्र्यांचा आणि कोल्ह्यांचा या दृष्टीवर विश्वास नाही. ती त्याच रात्री वाळू उकरून खड्डा रिकामा करतात. २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने आणि गावकऱ्यांनी तेथे जो उद्योग मांडला, त्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर एवढेच, की पहाटे कुत्र्याच्या आधी घरट्यापर्यंत पोहोचायचे, अंडी उचलायची आणि कुंपणाच्या आत पुन्हा पुरायची. कुंपण हा त्या सगळ्या कार्याचा आत्मा आहे. अण्णाच्या गावकीत हे ज्ञान पोरासोरांनाही होते.

असा हा अण्णा लंडनच्या पश्चिमेस संसार थाटून बसल्यावर त्याने एक कासव घेतले आणि त्याचे नाव ‘नाना’ ठेवले. वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव, हा त्यातला अभिमानाचा भाग; परंतु नावात औचित्यही होते. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत नानांची गणना अर्ध्या शहाण्यात होते, कारण बुद्धी अलौकिक असली तरी तलवार त्यांच्या हाताला नव्हती. कासवाचेही तसेच आहे: माघार कधी घ्यावी हे त्याच्याइतके कोणाला कळत नाही, आणि माघार घेतल्यानंतर पुढे काय करावे याविषयी त्याला काहीही सुचत नाही. या नानाकडे विक्रेत्याने दिलेला सरकारी दाखला आहे, त्या दाखल्यावरचा क्रमांक त्याच्या कातडीखाली बसवलेल्या इवल्याशा चिपमध्येही नोंदलेला आहे, आणि घरच्या माणसांच्या कागदपत्रांपेक्षा त्याचे दप्तर अधिक चोख आहे. मोत्या नावाचा लॅब्रेडॉर कुत्रा या घरात नानाच्या आधीपासून होता.

गेल्या खेपेस मी अण्णाकडे हिवाळा सरता सरता जाऊन पोहोचलो, तेव्हा नाना शीतकपाटात होता. हे वाक्य मी विनोदासाठी लिहिलेले नाही. त्या देशी हल्लीचे जाणते लोक कासवाची शीतनिद्रा फ्रिजमध्येच घडवून आणतात, कारण बागेतल्या थंडीचा काही भरवसा नसतो, आणि फ्रिजमध्ये पारा पाच अंशांच्या आसपास मुक्काम करतो. त्याहून फार वर गेला तर कासव अवेळी जागे होते, शून्याखाली गेला तर जागेच होत नाही. त्यासाठी गॅरेजमध्ये एक छोटा स्वतंत्र फ्रिज होता. रोज एकदा दार उघडून नानाला ताजी हवा द्यायची आणि दर आठवड्याला त्याचे वजन करून वहीत मांडायचे, असा नेम होता. “भाऊजी, दूध-भाजीचा फ्रिज स्वयंपाकघरात आहे हं,” वहिनींनी मला पहिल्याच दिवशी बजावले, “गॅरेजमधला उघडलात तर नानांना विचारून उघडा.” या शीतकपाटाच्या दारापाशी मोत्या तासन्‌तास बसून असे. अण्णाला त्यात मित्राची विरहव्यथा दिसे. मला त्याच्या जिभेवरून ती व्यथा पोटाशी अधिक निगडित वाटे. पण पाहुण्याने यजमानाच्या कुत्र्याविषयी मत देऊ नये, हा मी आजवर पाळलेला दंडक आहे.

आता मोत्याची बाजू मांडणे न्यायाचे होईल, कारण या प्रकरणात कुत्र्याला क्रूर म्हणून त्याच्यावर दोषारोप ठेवण्याची जी प्रथा पडली आहे ती मला मान्य नाही. कासवाचे कवच म्हणजे काय? आत हाड आणि वरून शिंगाच्या, खुराच्या आणि नखाच्या जातीच्या द्रव्याच्या तबकड्या. आणि ज्या घरात कुत्रा असतो त्या घरी दर आठवड्याला दुकानातून काय येते? चघळण्यासाठी हाड, चघळण्यासाठी खूर आणि चघळण्यासाठी शिंग. जो पदार्थ मालकाने स्वहस्ते, कौतुकाने पाठ थोपटीत, हजार वेळा तोंडात दिला, तोच पदार्थ एके दिवशी पाय फुटून अंगणातून चालत गेला, तर कुत्र्याने त्याला मज्जाव आहे असे कोणत्या आधारावर समजावे? शिवाय लॅब्रेडॉर ही जात मूळची कोळ्यांची आणि मागाहून शिकाऱ्यांची. पाण्यात पडलेले बदक दातांचा व्रण न उमटवता उचलावे आणि धन्याच्या पायाशी आणून ठेवावे, हा तिचा पिढीजात पेशा. तेव्हा मोत्याने नानाला तोंडात धरून दिवाणखान्यात आणावे यात त्याच्या दृष्टीने वतनदारीचे पालन होते.

आणखी एक गोष्ट आहे. कुत्र्याची पिले आपसात खेळताना जोराने चावली की चावा खाणारे पिलू केकाटते, आणि त्या केकाटण्यावरून दुसऱ्याला आपल्या दातांची मर्यादा कळते. कासवाला केकाटता येत नाही. संकट आले की ते डोके आत घेते, आणि त्या वेळी छातीतली हवा बाहेर ढकलली जाऊन जो ‘हिस्’ असा आवाज होतो तेवढाच त्याचा निषेध. ही फिर्याद कुत्र्याला ऐकू जाते, पण तिचा अर्थ लागत नाही. तो शेपूट हलवीत कुरतडीत राहतो. आणि हलणारी शेपूट पाहून खिडकीतला धनी समाधानाने चहाचा दुसरा घोट घेतो.

या साऱ्या अनर्थाच्या मुळाशी एक फार जुनी गैरसमजूत आहे. कवच म्हणजे कासवाचे घर, त्याचा किल्ला, त्याची ढाल, असे आपण लहानपणापासून मानतो. भल्याभल्यांना हे चुकलेले नाही. सेलबर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट हा सृष्टिनिरीक्षकांचा आद्य गुरू. १७८९ साली निघालेला त्याचा ग्रंथ अद्याप वाचला जातो. आपल्या आत्याच्या निधनानंतर त्याने तिचे टिमथी नावाचे कासव स्वतःच्या बागेत आणून ठेवले आणि त्याच्या खाण्याच्या, झोपण्याच्या आणि पावसाला भिण्याच्या नोंदी करण्यात वर्षे घालवली. भरलेल्या गाड्याचे चाक अंगावरून गेले तरी ज्या कवचाला काही होऊ नये ते असताना हा प्राणी पावसाच्या चार थेंबांना इतका का घाबरतो, याचा त्या सज्जनास मोठा अचंबा वाटे. (टिमथी हीसुद्धा मादी निघाली, इंग्रजांना कासवाच्या बाबतीत हा गोंधळ वरचेवर होतो असे दिसते.) वस्तुतः कवच हे घर नव्हेच. पाठीचा कणा आणि बरगड्या त्याला सांधलेल्या असतात, त्याला रक्त पुरवले जाते, त्यात संवेदना असते. त्यावर नुसते बोट फिरवले तरी कासवाला ते कळते. किल्ल्याच्या भिंतीला बोट लावल्याने किल्लेदाराला गुदगुल्या होत नाहीत. त्यातून फुप्फुसे नेमकी पाठीच्या कवचाला लागून असतात, म्हणजे वरून खोल गेलेला सुळा थेट श्वासापर्यंत पोहोचतो. आणि गाड्याचे चाक आपला भार साऱ्या पाठीवर पसरते, कुत्र्याचा दात तो एका बिंदूवर आणतो, हे गणित बिचाऱ्या व्हाइटच्या ध्यानात यायला टिमथीला कुत्र्याने चावावे लागले असते. सुदैवाने तसे घडल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

अण्णाच्या घरी ते घडले. एप्रिल उजाडल्यावर नानाला बाहेर काढून कोमट पाण्यात बसवले गेले, चार दिवसांनी तो हिरवळीवर डँडेलियनची पाने खाऊ लागला, आणि एका दुपारी मी व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचीत असताना मोत्या त्याला घेऊन आला. त्याची चाल अत्यंत जबाबदारीची होती. जबड्यातून नानाचा मागचा एक पाय बाहेर लोंबत होता आणि त्या पायाच्या नखांवरून लाळेची एक लांब तार थेट चटईपर्यंत आली होती. त्याने अण्णाच्या चपलेवर नानाला अलगद ठेवले, दोन पावले मागे सरकला आणि शाबासकीची वाट पाहत बसला. वरून पाहता काहीच झालेले नव्हते. वहिनींनी मात्र पदराने लाळ पुसली तेव्हा मागच्या कडेच्या दोन तबकड्या कुरतडलेल्या दिसल्या. त्यांच्या जागी पांढरे हाड उघडे पडले होते आणि हाडावर मोहरीएवढे रक्ताचे थेंब उभे होते.

पशुवैद्य ही एक तरुण बाई होती. अण्णा दारातूनच सांगू लागला, “पण दोघं वर्षानुवर्षं एकत्र राहताहेत हो! कधी एक ओरखडा नाही!” त्यावर ती न हसता म्हणाली, की कुत्र्याने चावलेले कासव घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच वाक्य बोलतो. तिने जखम धुतली, वेदनेचे आणि जंतूंचे औषध दिले, आणि कवच भरून यायला कित्येक महिने, कदाचित वर्षही लागेल असे सांगितले. पूर्वी अशा भेगा काचतंतू आणि राळ लावून होडीच्या तळासारख्या बुजवून टाकीत, पण त्यात खालचा संसर्ग आतल्या आत कोंडला जाई, म्हणून हल्ली घाण साफ होईतो जखम उघडी ठेवण्याकडे कल आहे, ही माहितीही तिच्याकडूनच मिळाली. नानाने या सर्व काळात एकदा ‘हिस्’ म्हटले.

बिलाचा आकडा पाहून अण्णाला मोत्याच्या विम्याची आठवण झाली. रात्री जेवणानंतर त्याने पॉलिसीचा कागद काढला आणि तो मोठ्याने वाचू लागला. कुत्र्याने त्रयस्थाचे नुकसान केल्यास कंपनी भरपाई देणार होती. मात्र नुकसान झालेली चीज विमाधारकाच्या स्वतःच्या घरची असता कामा नये. म्हणजे मोत्याने शेजाऱ्याचे कासव चावले असते तर त्याचा प्रत्येक पौंड वसूल झाला असता. या प्रकरणात फिर्यादी अण्णा, आरोपीचा जामीनदार अण्णा, नुकसानभरपाई देणारा अण्णा आणि घेणाराही अण्णा, अशी विलक्षण परिस्थिती असल्यामुळे तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. वहिनी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, “वेळासला बांबूचं कुंपण घालतात म्हणे. तिथली कुत्री बिनविम्याची असतात ना.”

दुसऱ्या दिवशी कुंपण आले. फळ्या अशा लावल्या की पलीकडचे दिसू नये, कारण पारदर्शक अडथळा कासवाला अडथळा वाटतच नाही. ते दिवसभर त्याला डोके लावून पुढे जाण्याचा यत्न करीत राहते. वरून जाळी आली, ती मोत्याला उडी मारता येऊ नये म्हणून. नानाची विष्ठा उचलून टाकण्याचे काम माझ्याकडे आले, कारण कासवाच्या पोटात सॅल्मोनेला नावाचे जंतू सुखाने नांदतात, त्याला स्वतःला त्यांचा उपद्रव नसतो, परंतु कुत्र्यांना हा पदार्थ खाण्याची जी अनावर आवड असते तिच्या वाटेने ते जंतू कुत्र्याच्या जिभेवर आणि तेथून घरातल्या मुलांच्या गालांवर पोहोचतात. पाहुण्याला घरकामात सहभागी करून घेण्याची विलायती पद्धत मला एरवी आवडते.

अशा रीतीने कुत्र्यापासून कासवाचा कडेकोट बंदोबस्त झाला, आणि कासवापासून कुत्र्याचा बंदोबस्त करण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. भूमध्य कासव उत्तम खणते आणि उत्तम चढते. जूनमध्ये एका सकाळी नाना फळ्यांच्या खालून बोगदा काढून बाहेर पडला, हिरवळ ओलांडून स्वयंपाकघराच्या दारात आला आणि मोत्याच्या बशीत पुढचे दोन्ही पाय घालून सामन माशाच्या चवीचा सुका खाऊ कडाकडा फोडू लागला. पाल्यावर जगणाऱ्या या प्राण्याला असले मांसाहारी अन्न विषासमान. त्याने मूत्रपिंडे बिघडतात. मोत्या बशीपासून हातभर अंतरावर उभा होता. त्याने एकदा पुढे होऊन वास घेतला मात्र, नानाने मान लांब करून त्याच्या नाकाचा चावा घेतला, आणि तो नव्वद रत्तली प्राणी केकाटत जिन्याखाली जाऊन बसला.

अण्णाने पशुवैद्यबाईंना दूरध्वनी लावला. कासवाने किती खाल्ले, असे तिने विचारले. बशी रिकामी होती, पण ती मुळात कितपत भरलेली होती हे सांगू शकणारा एकुलता एक साक्षीदार जिन्याखालून बाहेर यायला तयार नव्हता. मग तिने विचारले, की कुत्र्याच्या नाकाला जखम झाली आहे काय. अण्णाने “हो” म्हटले आणि लगेच रिसीव्हरवर हात ठेवून वहिनींना हाक मारली, “अगं, पॉलिसीचा तो कागद कुठं ठेवलास? कुत्र्याच्या औषधपाण्याचं कलम त्यात नक्की होतं.”